मिस्त्रींचा तळमजला

कुणाच्याही घरी गेलं की बोटांची पेरं भिंतीवर वाजवून बघायची, ही मिस्त्रींची जुनी खोड. गिलावा सुटलाय का, आत पोकळ आहे का, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. सांत्वनाला गेले तरी हात भिंतीकडे जायचाच. बायको लोकांच्या मागून डोळे वटारायची, मिस्त्री हात मागे घ्यायचे आणि पाच मिनिटांनी दुसऱ्या भिंतीपाशी सापडायचे. चाळीस वर्षं थापी चालवलेला माणूस. त्यांचं खरं नाव गावाच्या केव्हाच विस्मरणात गेलं होतं. बँकेतला कारकूनसुद्धा "मिस्त्री, इथे सही करा" असंच म्हणायचा.

कामाचा अभिमान म्हणाल तर भरपूर. "माझा स्लॅब गळला तर मला बोलवा, पाणी पुसायला मी स्वतः येतो," असं ते सांगत, आणि तशी वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

डोंगरापलीकडच्या अणुकेंद्रात अपघात झाला तेव्हा ते साठीला टेकले होते. तीन दिवस वारा इकडे वाहिला. डोंगरापलीकडची गावं उठवली, त्या भागाला सगळे बंद पट्टा म्हणू लागले. मिस्त्रींचं गाव अलीकडे होतं म्हणून ते राहिलं. राहिलं म्हणजे काय, तर लोकांना तिथेच राहायला सांगितलं. छपरांवर, झाडांवर, पन्हळीत जे पडलं होतं त्याला ना रंग ना वास. लोक खिडक्या बंद करून बसायचे आणि बंद खिडकीतून बाहेर बघायचे, जणू काही तरी दिसणारच आहे.

मिस्त्रींची मोठी बहीण अक्का बंद पट्ट्यातच राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घर, मागचे भाजीचे वाफे आणि शिवणयंत्र एवढा तिचा संसार. बसमध्ये चढताना एकच पिशवी घेऊ दिली, तेव्हा तिने कपडे ठेवले आणि शिवणयंत्राचं डोकं उचलून पिशवीत घातलं. पुढचं वर्षभर ती एका शाळेच्या सभागृहात पडद्यांच्या भिंतींमध्ये राहिली. मिस्त्रींनी घरी ये म्हणून दहादा सांगितलं. ती म्हणायची, तुमच्या दोन खोल्यांत तुम्हीच कसेबसे मावता, त्यात मी कुठे पाय पसरू.

त्या वर्षी बांधकामांना ऊत आला होता. उठवलेल्या माणसांना घरं हवी होती आणि ती कालच हवी होती. गावाच्या कडेला बारा बिऱ्हाडांची एक तीनमजली इमारत उभी राहिली. तिचं सगळं काँक्रीट मिस्त्रींच्या देखरेखीखाली झालं. तळमजल्याच्या जमिनीचा जाड कोबा त्यांनी दोन दिवस उभं राहून ओतून घेतला, लेव्हल पट्टी स्वतः फिरवली आणि आठवडाभर त्यावर पाणी धरलं. त्यातली तळमजल्याची एक जागा त्यांनी अक्कासाठी मागून घेतली. तिचे गुडघे जिन्याला दाद देत नव्हते. किल्ली देताना ते म्हणाले, "मी ओतलेली जमीन आहे अक्का. डोळे मिटून राहा." कितीतरी महिन्यांनी अक्का हसली. त्याच दुपारी तिने खिडकीखाली शिवणयंत्र मांडलं.

त्यानंतर मिस्त्रींचा उजवा खांदा गेला. परातीचं ओझं सोडा, शर्टात हात घालतानाही चेहरा वाकडा व्हायचा. घरी बसून ते बायकोच्या स्वयंपाकघरातल्या फरशा मोजायला लागले तेव्हा तिनेच त्यांना नगरपालिकेत धाडलं. तिथे घरोघरी किरणं मोजायला माणसं हवी होती. साहेबांनी विचारलं, शिक्षण किती. मिस्त्री म्हणाले, शिक्षण नाही, पण छपरावरचं पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं ते घर बघून सांगतो. साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. पाणी जिथे साचतं तिथेच ती धूळ साचते, हे साहेबांनाही ठाऊक होतं.

त्यांच्या जोडीला निवृत्त मास्तरीणबाई होत्या. मिस्त्री यंत्र धरायचे, बाई वहीत आकडे लिहायच्या. यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून जमिनीपासून एक मीटरवर धरायचं, मग गुडघ्याएवढं, मग अगदी जमिनीलगत. प्रत्येक ठिकाणी अर्धं मिनिट हलायचं नाही, आकडा ठरू द्यायचा. हलायचं नाही हे मिस्त्रींना जमायचं, पण बोलायचं नाही हे जमेना. यंत्र घेऊन उभे असतानाच ते घरमालकाला पन्हळीचा उतार चुकलाय म्हणून सांगू लागत. बाई पेन उगारून म्हणायच्या, "मिस्त्री, तोंडावर बोट." चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेला आवाज. मिस्त्री खरोखर गप्प व्हायचे, आणि एकदा तर घरमालकही.

लोक मोजणाऱ्यांची वाटही बघायचे आणि त्यांना घाबरायचेही. आकडा कमी आला की पाणी विचारायचे, जास्त आला की यंत्र जुनं आहे का म्हणून विचारायचे. एका बाईने बाळाचा पाळणा मोजून घेतला, मग बाळ मोजता येईल का म्हणून विचारलं. मिस्त्रींनी यंत्र बाळाच्या जवळ धरलं, आकडा दाखवला आणि बाहेर येऊन बराच वेळ पायरीवर बसून राहिले. पण एकूणात त्यांना काम पटलं होतं. दोन वर्षांत त्यांना एक नियम पाठ झाला. घराबाहेर आकडा मोठा, दारात कमी, आत आणखी कमी. घर माणसाला राखतं, असं ते सांगायचे.

अपघातानंतर बांधलेल्या इमारती मात्र आतून मोजायच्या नसत. धूळ पडली तेव्हा त्या नव्हत्याच, मग मोजायचं काय, असा नियम होता आणि तो सगळ्यांना सरळ वाटला होता. मिस्त्रींनाही.

बंद पट्ट्यातून आलेल्यांना छातीवर लावायचा एक बिल्ला दिला होता. तीन महिने लावायचा, मग तो तपासणीला जायचा आणि अंगाला किती किरणं लागली त्याचं पत्र यायचं. त्या इमारतीतल्या बहुतेकांचे बिल्ले गॅलरीतल्या खिळ्यांना नाहीतर कपड्यांच्या दोरीला लटकलेले असत. अक्का मात्र भावाने सांगितलं म्हणून बिल्ला सकाळी लावायची आणि झोपताना उशाशी ठेवायची.

पत्रं आली. अक्काचा आकडा बाकीच्यांच्या पाचपट निघाला.

साहेबांनी पत्र मिस्त्रींच्या हातात दिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले की असे आकडे एकाच कारणाने येतात, माणूस चोरून बंद पट्ट्यात जाऊन येतो. बरेच जण जातात. घर बघून येतात, कुणी फोटो आणतं. तुमच्या बहिणीला समजवा, गुन्हा दाखल व्हायला नको. मिस्त्रींचे कान तापले. त्यांना अक्काचे भाजीचे वाफे आठवले, मागच्या आठवड्यात ती "घराचं कुलूप गंजलं असेल" म्हणाली होती तेही आठवलं. दोन आणि दोन चार झाले.

ते तसेच तिच्याकडे गेले. बसलेही नाहीत. अक्का कुणाचीतरी पडद्याची कड शिवत होती. त्यांनी पत्र शिवणयंत्रावर आपटलं आणि विचारलं की तू किती वेळा गेलीस. अक्काने चष्मा काढला. मी कुठे जाते, म्हणाली, मला वाण्याकडे जायचं तर दोनदा बसावं लागतं. मिस्त्री म्हणाले की बिल्ला खोटं बोलत नाही. बस डोंगरापर्यंत जाते, लोक जातात, गाडीवाले नेतात, मला सगळं माहीत आहे. मी नोकरीला, माझ्या तोंडावर लोक आकडे विचारतात, आणि माझ्याच घरात ही चोरी. बोलता बोलता त्यांचा आवाज गॅलरीपर्यंत गेला. शेजारच्या दारातून एक डोकं बाहेर आलं आणि आत गेलं.

अक्का फक्त एवढंच म्हणाली, "मी गेले नाही, धाकट्या."

"मग हा आकडा आकाशातून पडला?"

पडद्याची कड तिने पुन्हा सुईखाली सरकवली. मिस्त्री घरी आले, बायकोला सगळं सांगितलं आणि जेवताना दोनदा म्हणाले की खोटं बोलण्याचं तिचं वय आहे का. बायको म्हणाली, खोटं बोलण्याचा तिचा स्वभाव तरी आहे का. त्यावर ते हात धुवायला उठले.

आठ दिवस ते तिकडे फिरकले नाहीत. नवव्या दिवशी त्याच इमारतीच्या पलीकडच्या रस्त्यावर मोजणी होती. मास्तरीणबाईंना ही सगळी कथा चार ठिकाणांहून कळली होती. जेवणाच्या सुट्टीत त्या म्हणाल्या की मिस्त्री, आपण सगळ्या गावाची घरं मोजतो, एकदा तुमच्या बहिणीचं मोजून टाका. आत आकडा कमी निघाला तर तुमचं खरं, वाद मिटेल. मिस्त्री म्हणाले, नियमात बसत नाही. बाई म्हणाल्या, सुट्टीत नियम नसतो.

अक्काने दार उघडलं, दोघांना आत घेतलं, पण भावाकडे बघितलं नाही. मिस्त्रींनी आधी अंगणात मोजलं. मग उंबऱ्यात. नेहमीसारखा आकडा उतरायला हवा होता. उतरला नाही. खोलीच्या मध्यावर यंत्र एक मीटरवर धरलं तर तो अंगणापेक्षा वर गेला. मिस्त्रींनी यंत्र हलवलं, पिशवी तपासली, पुन्हा धरलं. बाई या वेळी तोंडावर बोट म्हणाल्या नाहीत, कारण मिस्त्री बोलतच नव्हते. ते वाकले, खांदा सांभाळत गुडघ्यांवर बसले आणि यंत्र जमिनीलगत नेलं. अर्धं मिनिट. आकडा चढला तो चढलाच. खिडकीखाली, शिवणयंत्राच्या पायडलपाशी, जिथे अक्का दिवसभर बसायची तिथेही तेवढाच. भिंतीला कमी, छताला आणखी कमी. कोबा. जे काही होतं ते कोब्याच्या पोटात होतं.

मिस्त्री तसेच जमिनीवर बसून राहिले. त्यांना खडी आठवली. वाळू दुसरीकडून आली होती, सिमेंट बंद पोत्यांतलं होतं, पाणी नळाचं. खडी आली होती डोंगराच्या अंगाला असलेल्या खाणीतून. अपघाताच्या दिवसांत खाण बंद होती, पण फोडलेल्या खडीचे ढीग उघड्यावर पडले होते, तीन दिवसांचा तो वारा आणि मागून आलेला पाऊस अंगावर घेत. मग कामं निघाली, खडी कुठेच मिळेना, तेव्हा तेच ढीग भराभर उचलले गेले. पहिली गाडी आली तेव्हा खडीवर बारीक धूळ होती म्हणून त्यांनी कंत्राटदाराशी वादही घातला होता. धुळीने काँक्रीट कच्चं होतं म्हणून. दुसरं काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं.

बाईंनी वहीत आकडे लिहिले. त्यांचं अक्षर नेहमी छापल्यासारखं यायचं, त्या दिवशी ओळ वर गेली.

अक्काने विचारलं, "काय निघालं?"

मिस्त्री म्हणाले, "मी निघालो."

तिला कळलं नाही, मग बाईंनी समजावून सांगितलं. अक्काने सगळं ऐकलं, पायाखाली बघितलं आणि पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले. मिस्त्रींना ते बघवेना.

साहेबांनी आकडे बघितले आणि दुसरं यंत्र मागवलं. दुसऱ्या यंत्राचाही आकडा तोच आला, तेव्हा म्हणाले की वरून तज्ज्ञ येईपर्यंत गप्प बसू. बारा बिऱ्हाडं आहेत, एकदा उठलेली माणसं आहेत, पुन्हा उठवायची तर जागा कुठे. मिस्त्री त्यांच्यासमोर कधी बसत नसत. त्या दिवशी ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले की साहेब, एक इमारत असती तर मीही विचार केला असता. ती खडी फक्त तिथे गेलेली नाही. मग त्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि आठवून आठवून लिहायला लागले. शाळेच्या मागची पायवाट. दवाखान्याचा उतार. ओढ्याकाठची भिंत. गटारांवरची झाकणं. आणि कुणाकुणाची अंगणं, ओटे, गाड्या लावायच्या जागा. त्या वर्षी रविवारी फुरसत काढून त्यांनी ओळखीच्यांना करून दिलेली कामं. सतरा ठिकाणं झाली. शुद्धलेखन इतकं चुकलं की मास्तरीणबाईंना कागद पुन्हा लिहावा लागला, पण सतराचा आकडा त्यांनी बदलला नाही.

गावात बातमी फुटायला दुपारही लागली नाही. इमारतीतले लोक मिस्त्रींवरच उखडले. काहींना आपण इतके दिवस त्यावर झोपलो म्हणून राग होता. काहींना हे बोलून दाखवलंच का याचा. वरच्या मजल्यावरचा एक बाप्या म्हणाला की आमच्याकडे आकडा बरा आहे, आम्हाला कशाला उठवता, तुमची बहीण उठवा. कंत्राटदार म्हणाला, खडी मिस्त्रीने पसंत केली. ते खरं होतं. बायकोने भाजीवालीकडे जायचं सोडलं. रोज सकाळी त्यांचा डबा भरून देताना झाकण लावायला तिला जरा जास्तच वेळ लागायचा.

सतरा ठिकाणं त्यांनी स्वतः मोजली. साहेबांनी दुसरा माणूस देतो म्हटलं तरी ऐकलं नाही. प्रत्येक दारात आधी सांगायचे की हे काम मी केलंय, म्हणून मी आलोय. अकरा ठिकाणी आकडा साधाच निघाला, खडीच्या सगळ्या गाड्या सारख्या नव्हत्या. सहा ठिकाणी चढा होता. त्यात शाळेची पायवाट होती. एका घरी ओटा फोडायला लागणार होता. त्या ओट्यावर म्हातारा बाप ऊन खात बसायचा, तो मागच्या हिवाळ्यात गेला होता. मुलाने सरळ विचारलं, यानेच गेला का. मिस्त्री म्हणाले, मला माहीत नाही. डॉक्टरलाही सांगता येणार नाही. मुलगा म्हणाला, मग तुम्ही मोजता कशाला. बाई काहीतरी बोलायला गेल्या, मिस्त्रींनी त्यांना हाताने थांबवलं.

इमारत रिकामी व्हायला सात महिने गेले. अक्काला एक खोली मिळाली ती दुसऱ्या मजल्यावर. गुडघे धरत, दर पाचव्या पायरीला थांबत ती चढायची. मिस्त्रींनी पुन्हा घरी ये म्हटलं. तिने पुन्हा नाही म्हटलं, या वेळी कारण दिलं नाही. तपासणीसाठी तिला दर तीन महिन्यांनी शहरात जावं लागे. मिस्त्री सोबत जात. रांगेत दोघं शेजारी बसत आणि हवापाण्याचं बोलत. डॉक्टर म्हणाले, आजच्या घडीला काही नाही, बघत राहू. बघत राहू हे शब्द अक्काने घरी येईपर्यंत दोनदा उच्चारले, डॉक्टरांच्याच सुरात.

मिस्त्रींच्या मनात एक गोष्ट रुतून बसली होती, पण ती बोलायला त्यांना जागा सापडत नव्हती. वर्ष होत आलं तेव्हा एका दुपारी ते तिच्या खोलीत खिडकीची कडी बसवत होते. पाठमोरे असतानाच म्हणाले, "अक्का, तो कोबा मी ओतला. तुला तिथे मीच बसवलं. माझं चुकलं."

अक्का सुईत दोरा ओवत होती. ओवून झाला, मग बोलली. "कोब्याच्या पोटात काय होतं ते तुला ठाऊक नव्हतं. त्याचं मी मनाला लावून घेतलं नाही." मग दोऱ्याला गाठ मारली. "पण मी कशी आहे ते तर ठाऊक होतं ना? साठ वर्षं ठाऊक होतं. कागदावर आकडा आला आणि तू मला चोर ठरवलंस. शेजारणीने ऐकलं ते."

मिस्त्री वळले नाहीत. कडीचा स्क्रू त्यांनी उगाच आणखी आवळला. मग म्हणाले की हो, ठरवलं. बिल्ला, साहेब, खडी यातलं काहीही त्यांनी आड आणलं नाही.

"आता मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"काही करू नकोस. ये-जा ठेव."

ती त्यांनी ठेवली. दर दोन दिवसांनी जातात, पाण्याची कॅन वर नेऊन देतात, डाव्या खांद्यावरून. इमारत अजून उभी आहे. पाडायची तर मलबा कुठे टाकायचा यावर कागद फिरताहेत. तिच्यासमोरून जाताना ते रस्ता बदलत नाहीत, पण बघतही नाहीत. मोजणीचं काम चालू आहे, आणि आता नवी घरंही आतून मोजतात. अक्का गावच्या जुन्या गोष्टी सांगते, हसते, शिवणाची मापं घेते. बोलता बोलता मध्येच कधी थांबते आणि खिडकीबाहेर बघते. तेव्हा मिस्त्री वाट बघतात. ती पुढचं वाक्य विसरली आहे की ते तिला त्यांच्यासमोर बोलायचं नाही, हे त्यांना अजून ओळखता आलेलं नाही.